लहाने मेंबर

अकोल्याच्या जुन्या शहरात नऊ वर्षं एकच मेंबर होता, आणि तो म्हणजे किसनराव म्हैसने. नावाच्या मागेपुढे काही लावायची गरजच नव्हती. नुसतं 'मेंबर' म्हटलं की परगावचा पाहुणासुद्धा बरोबर त्यांच्या ओट्याशी येऊन उभा! मोर्णा नदीच्या काठाला किसनरावांचा वांग्यांचा आणि मेथीचा मळा होता, आणि शहराच्या कमेटीवर, म्हणजे म्युनिसिपालिटीवर, ते आपल्या वॉर्डातून निवडून जात. कोपऱ्यावरचा कंदील विझला, चला मेंबरकडे. नाली तुंबली, चला मेंबरकडे. दोन जावांचं विहिरीवर जुंपलं, मग तर धावतच चला! किसनराव हातातलं खुरपं टाकायचे, मातीच्या हातांनीच काळा कोट चढवायचे आणि निघायचे. त्या कोटाच्या बाह्यांवर कायम वाळलेल्या चिखलाचे ठसे असत. पार्बताबाई, त्यांची बायको, म्हणायची, "कोट धुतला त मेंबरकी धुऊन जाईन, असं भेव वाटते काय जी तुमाले?"

मेंबरकी धुतल्यानं गेली नाही. तिची ऐट मात्र गेली एका निवडणुकीनं, आणि ती निवडणूक किसनरावांची नव्हतीच.

झालं असं की पुढच्या गल्लीतले शेषराव वकील नागपूरच्या कौन्सिलसाठी, म्हणजे प्रांताच्या कायदेमंडळासाठी, उभे राहिले. शेषराव आणि किसनराव एका पाटीवर बाराखडी गिरवलेले मित्र. किसनरावांनी मित्रासाठी तीन आठवडे जीव काढला. बैलगाडीतून तेल्हाऱ्यापर्यंत गेले, गावोगावच्या बाजारात गाडीवर उभं राहून ओरडले, इतके की शेवटी घशातून आवाज यायच्या ऐवजी नुसती हवा यायची. शेषराव निवडून आले. सगळ्यात जास्त गुलाल कोणाच्या मिशांत अडकला? किसनरावांच्या!

आणि चौथ्याच दिवशी कुलसुमबी, नदीकाठी लिंबं-मिरच्या विकायची ती, रस्त्यात भेटली नि म्हणाली, "सलाम, लहाने मेंबर!"

किसनरावांना वाटलं, आपल्या कानात अजून गुलाल आहे. त्यांनी विचारलं, "काय म्हटलं?"

"लहाने मेंबर म्हटलं ना जी. शेषरावभाई मोठे मेंबर, तुमी लहाने. नाई त समजाचं कसं, कोन्ता मेंबर?"

झालं! आठवड्याभरात ते नाव जुन्या शहराच्या प्रत्येक गल्लीत जाऊन बसलं. न्हावी म्हणाला, "लहाने मेंबर, मान वाकडी करा." पूजेला आलेल्या भटजींनी पाट मांडले, "हा मोठ्या मेंबरांना, हा लहान्यांना." एकदा तर पार्बताबाईच्याच तोंडून निघालं. तिने पटकन जीभ चावली, पण निघालेलं ते निघालं. किसनरावांच्या पोटात कोणीतरी कळीचा चुना टाकून वर पाणी ओतल्यासारखं झालं. वरून सगळं शांत, आणि आत नुसतं फसफस, फसफस.

वकिलाच्या कोटाला चिखल नाही. वकिलाच्या ओट्यावर तीन खुर्च्या. वकिलाची सही इंग्रजीत, शेवटच्या अक्षराचं शेपूट पार कागदाच्या कडेपर्यंत! किसनराव एकदा मळ्यातल्या ओल्या मातीवर काडीने तसं शेपूट काढून बघत होते. कोणी पाहिलं नाही, पण स्वतःचीच लाज वाटून त्यांनी ते पायाने पुसलं.

फक्त एक माणूस जुन्या वळणावर राहिला होता, पोस्टमन नबी. तो दारात सायकल टेकवून अजूनही तसाच हाक मारायचा, "मेंबर साब!" बस. लहाने नाही, मोठे नाही. त्या एका हाकेसाठी किसनराव टपालाच्या वेळेला मळा सोडून घरी यायला लागले होते. टपाल नसलं तरी!

अशात नदीकाठच्या भाजीबाजाराचं प्रकरण उभं राहिलं. मोर्णेच्या काठावर, कडुनिंबांच्या रांगेखाली, मळेवाल्यांच्या बाया वर्षानुवर्षं टोपल्या मांडून बसायच्या. कमेटीतल्या काही मेंबरांना वाटलं की हा बाजार तिथून उठवून नदीपलीकडे, कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या उघड्या पटांगणात न्यावा. तिथे ना झाड ना पाणी. पावसाळ्यात नदीला पूर आला की डोक्यावरची टोपली घेऊन पलीकडे जायचं कसं, हे कोणी सांगत नव्हतं. त्या बायांत किसनरावांची सख्खी थोरली बहीण होती, माणिकबाई. नवरा गेल्यापासून फुलं आणि पालेभाजी विकून तिने आपलं घर चालवलं होतं. तिची जागा पहिल्या निंबाखाली. त्या खोडाला तिच्या पाठीने टेकून टेकून चकाकी आली होती.

किसनराव ह्या ठरावाच्या विरोधात होते. अगदी कडकडून! सभेत काय बोलायचं तेही त्यांनी वांग्यांच्या वाफ्यांपुढे दोनदा बोलून पाहिलं होतं. पण सभेच्या आदल्या दिवशी ते ओट्यावर बसले असताना समोरून सगळ्या बाया जाताना दिसल्या. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत पहिल्या तोडीची कोवळी वांगी, आणि सगळ्यांच्या पुढे माणिकबाई. किसनराव उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, आपल्याकडेच येताहेत. त्यांनी धोतर झटकलं, मिशीवर हातही फिरवला.

कुलसुमबी म्हणाली, "लहाने मेंबर, जरा सरका जी. मोठ्या मेंबरच्या घरी जाऊन राहिलो."

त्या गेल्या. माणिकबाईने वळून पाहिलंसुद्धा नाही. डोक्यावर टोपली असताना वळता येत नाही, हे किसनरावांना त्या क्षणी सुचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सभा झाली. किसनराव भाषणाला उठलेच नाहीत. बाजार हलवायला अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत, असं चिटणीस म्हणाले. सहा हात वर झाले. किसनरावांना सोडून विरोधातही सहाच होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. किसनरावांना डोळ्यांसमोर ती कोवळी वांगी दिसली. मोठ्या मेंबरच्या घरी गेलेली वांगी! करू दे ना मग मोठ्यालाच, बघू या त्याचं मोठेपण! आणि त्यांचा हात वर गेला. बाहीवरचा चिखलाचा ठसा सगळ्या सभेला दिसला. सात विरुद्ध सहा. ठराव पास.

बाहेर कोणाला काही कळलं नाही. कमेटीची सभा बंद दाराआड व्हायची. गल्लीत एवढंच पसरलं की एका मताने हरलो. बायांनी त्या सातव्याला मनसोक्त शिव्या घातल्या. पार्बताबाईने तर चुलीपुढे बसून त्याचा हातच झडून जावा म्हटलं, आणि त्याच हाताने किसनराव ताटातली भाकर मोडत होते.

इकडे शेषरावांनी कौन्सिलात प्रश्न विचारला. पंधरा दिवस झाले, आणि एका गुरुवारी नबीची सायकल दारात टेकली.

"मेंबर साब! सरकारी लिफाफा है."

लिफाफ्यावर कोण्या घाईतल्या कारकुनाने नावच लिहिलेलं नव्हतं. फक्त, 'मेंबरसाहेब, जुने शहर, अकोला.' नबीने नऊ वर्षं हा पत्ता एकाच दारात पोचवला होता. किसनरावांनी ऐटीत लिफाफा फाडला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. आपण कौन्सिलात विचारलेल्या प्रश्नावरून डिप्टी कमिशनर साहेब येत्या सोमवारी सकाळी सात वाजता नदीकाठच्या बाजाराची जागा समक्ष पाहतील, आपण विक्रेत्यांना घेऊन हजर राहावे, कमेटीच्या ठरावाचे पुस्तक तेथे आणवले आहे, मग मंजुरीचा निकाल देण्यात येईल.

कौन्सिलात! म्हणजे चिठ्ठी वकिलाला आलेली होती.

किसनरावांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. सकाळी सात वाजता नदीकाठी चिटपाखरू नसतं. बाया पहाटेपासून मळ्यात तोडणी करतात, जुड्या बांधतात आणि नवाच्या सुमारास बाजारात येतात. साहेब येईल, रिकामा काठ पाहील, इथे बाजार कुठे आहे म्हणेल, आणि मंजुरीची सही ठोकून जाईल. आणि बाया हजर असल्या तर? तर ते पुस्तक उघडेल. पुस्तकात प्रत्येक हाताखाली नाव लिहिलेलं होतं.

त्यांनी चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. गुरुवार गेला. शुक्रवार गेला. शनिवारी ती चिठ्ठी खिशात तापलेल्या तव्यासारखी लागायला लागली. शेवटी रविवारी सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि ते वकिलाच्या गल्लीकडे निघाले. देऊन टाकू, म्हणू की नबी चुकला. निदान तेवढं तरी.

शेषरावांच्या ओट्यावर जत्रा होती. तीन खुर्च्या भरलेल्या, पायऱ्या भरलेल्या, आणि पहिल्याच पायरीवर कोण? भगवंत! किसनरावांच्या वॉर्डातला, त्यांच्या घरापासून चौथ्या दारातला.

"तू इथं काय करून राहिला बे?" किसनरावांनी विचारलं.

भगवंत ओशाळला. "काही नाई जी. नालीचं जरा सांगाचं होतं. म्हटलं मोठ्या मेंबरच्या कानावर..."

"नाली कमेटीची असते! नागपूरचं कौन्सिल येते काय तुयी नाली काढाले?"

तेवढ्यात आतून शेषराव आले, परीटघडीचं उपरणं सावरत, चेहराभर हसत. "अरे किसना! ये ये, बस माझ्या खुर्चीवर. भगवंता, तुझं काम झालंच समज. नालीचे मालक स्वतः आले बघ!"

सगळा ओटा खो खो हसला. शेषरावांच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि तेच तर जास्त झोंबलं. त्यांनी खरोखरच आपली खुर्ची पुढे सरकवली होती. किसनरावांचा हात खिशापर्यंत गेला होता, तो तिथूनच परत आला.

"काही नाई. असंच आलतो," ते म्हणाले आणि नालीकडे न बघता घरी परतले.

संध्याकाळी दिवेलागणीला माणिकबाई आली. ती रोज उरलेली फुलं पार्बताबाईला देवासाठी आणून द्यायची. किसनराव ओट्यावर तोंड फिरवून बसले होते.

"काय झालं गा किसना? तोंड काहून कारल्यावानी केलं?"

आणि इतक्या दिवसांची फसफस एकदम उतू गेली. "तुमी काहून गेल्या त्याच्या घरी? मी मेलो होतो काय? सख्खा भाऊ दारात उभा, आन् तू टोपलं घेऊन वकिलाकडे!"

 माणिकबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे पाह्य! पाठोलं कोनं आमाले? तूच त पाठोलं!"

"मी?"

"नाई त काय मी? बाजारात माया टोपल्यावर उभा राहून कोन बोंबलत होतं? 'बायाहो, शेषरावले मत द्या! नालीसाठी, कंदिलासाठी मी हाय तुमचा लहाना मेंबर, पन नागपुरात बोलाले मोठा मेंबर पाहिजे!' साऱ्या बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या. माई टोपली मोडली ते अजून दिली नाई तू!"

किसनरावांना ते आठवलं. लख्ख आठवलं. टोपलीचा करकर आवाज, खाली कुलसुमबी पदर तोंडाला लावून हसणारी, आणि आपला तो बसलेला घसा. लहाने मेंबर! हे नाव कोणी ठेवलंच नव्हतं. ते त्यांच्याच तोंडातून निघून, सगळं शहर फिरून, त्यांच्याच दारात परत आलं होतं.

"ठरावाले मंजुरी सरकारची लागते, म्हून आमाले वाटलं, नागपूरचं काम हाय त नागपूरच्याले सांगाव," माणिकबाई खाली बसत म्हणाली. "कमेटीत तू होता ना. मी साऱ्या बायाले सांगतलं, कमेटीचं भेव नका करू, तिथं आपला हात हाय. आता कोन्या मुडद्यानं घात केला, त्याले तू तरी काय करशीन?"

पार्बताबाईने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला. किसनरावांनी तो उचलला नाही. त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबून ठेवलेला होता.

ते म्हणाले, "बाई, उद्या सातच्या आत साऱ्या बायाले काठावर आन. तोडणी झाली नसली तरी आन. साहेब येऊन राहिला."

"तुले कसं माहीत?"

"आन म्हटलं ना!"

सोमवारी उजाडता उजाडता ते शेषरावांच्या दारात उभे होते. ओटा रिकामा होता. शेषराव दात घासत बाहेर आले. किसनरावांनी फाटका लिफाफा पुढे केला. शेषरावांनी चिठ्ठी वाचली, लिफाफा उलटा केला, त्यावरचा बुधवारचा शिक्का पाहिला, मग किसनरावांकडे पाहिलं. तोंडातली राखुंडी थुंकली. चूळ भरली, उपरणं घेतलं. "चल," म्हणाले. किसनरावांना वाटलं, ह्याने दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या!

नदीकाठी मात्र काय दृश्य होतं! निंबांच्या रांगेखाली टोपल्याच टोपल्या. दवाने भिजलेली मेथी, जुड्या न बांधलेला पालक, अर्धवट भरलेल्या पाट्या, आणि झोपेतून उठून धावत आलेल्या, केस न विंचरलेल्या साठ-सत्तर बाया. नेमके सातला साहेब घोड्यावरून आले. सोबत तहसीलदार, आणि मागे कमेटीचे चिटणीस, काखेत ते जाड पुस्तक.

साहेबांनी झाडं पाहिली, नदी पाहिली, पलीकडचं पटांगण पाहिलं. शेषराव इंग्रजीत असं काही बोलले की साहेब दोनदा मान हलवून "क्वाइट सो" म्हणाले. मग शेषराव किसनरावांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "किसनरावांनी आपल्या येण्याची वर्दी वेळेवर पोचवली, म्हणून ह्या बाया इथे हजर आहेत."

किसनराव हादरले. खोटं बोलण्यातही हा माणूस आपल्यापेक्षा मोठा निघाला!

साहेबांनी पुस्तक मागितलं. तहसीलदारांनी पान उघडलं आणि बायांना कळावं म्हणून मराठीतून सांगितलं, "ठराव एका मताने पास झाला आहे. साहेब विचारताहेत, ह्या वॉर्डाचे मेंबर कोण? त्यांचं मत कोणीकडे होतं?"

बाया एका सुरात ओरडल्या, "आमच्याकडे!" माणिकबाईचा आवाज सगळ्यात मोठा.

तहसीलदारांचं बोट पानावर फिरत होतं, वरून खाली, एकेका नावावरून. ते बोट थांबण्याआधीच किसनराव पुढे झाले. कोट होता, बाहीवर चिखल होता.

"वॉर्डाचा मेंबर मी. लहाना," ते म्हणाले. हा शब्द त्या निवडणुकीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून निघत होता. "आन् सातवा हात माया होता. बायाइच्या इरुद्ध. बाजारासाठी नाई केला मी तो वर. ह्या बाया माया दारावरून मोठ्या मेंबरकडे गेल्या, त्याची जळन होती. माया हात खोटा होता, साहेब. पुन्हा इचाराल त मी इकडे करीन."

आणि बोलता बोलता त्यांनी हात वर केला. तिथे मत मागायला कोणी नव्हतं, तरीही केला. खाली घ्यायचं त्यांना सुचेना.  कुलसुमबीच्या हातातलं लिंबू तसंच हातात.

माणिकबाई उठली. किसनरावांना वाटलं आता ती टोपली फेकून मारते, आणि त्यांनी डोळे मिटले.

"किसना," ती म्हणाली, "हात खाली घे."

एवढंच! आणि ती आपल्या निंबाला पाठ लावून परत बसली, तोंड दुसरीकडे करून.

साहेबांनी ठरावावर मंजुरीची सही केली नाही. फेरविचारासाठी ठराव कमेटीकडे परत गेला, आणि पुढच्या सभेत सात विरुद्ध सहा असाच निकाल लागला, पण ह्या वेळी उलटा. भाजीबाजार निंबांखालीच राहिला. त्याच दिवशी बाजारात शेषरावांना झेंडूचा हार घातला गेला. हार माणिकबाईने ओवला होता. किसनराव मागे उभे राहून डोळ्यांनीच तो मोजत होते. पार गुडघ्यापर्यंत येत होता! त्यांना माहीत होतं की आपल्याला हार मागायचं तोंड नाही. तरी पोटात फसफसलंच. काय करणार!

माणिकबाई महिनाभर घरी आली नाही. महिन्याने किसनरावांनी बुरडाकडून नवी टोपली विणून घेतली आणि न बोलता पहिल्या निंबाखाली ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईला देवासाठी फुलं आली, त्याच टोपलीत. पण फुलं देऊन बाई ओट्यावर न बसताच गेली.

त्यानंतर काही दिवसांनी नबीची सायकल दारात टेकली. किसनराव मळ्यातून पळतच आले. नबीच्या हातात लिफाफा होता. त्याने तो पुढे केला नाही. नदीकाठची गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती, आणि त्याने टाकलेली चिठ्ठी मोठ्या मेंबरांची होती, हे शेषरावांनीच त्याला सांगितलं होतं. तो लिफाफा उलटसुलट करत होता.

"साब, इस पे सिरफ 'मेंबर' लिखा है," तो खाली बघत म्हणाला. "आपका है... के मोठे मेंबर का?"

किसनरावांनी लिफाफा हातात घेतला. पाठीमागे नागपूरचा शिक्का होता. त्यांनी तो परत केला.

"मोठ्याचा हाय," ते म्हणाले. "पुढच्या गल्लीत."

नबीने मान हलवली, सायकलवर टांग टाकली आणि घंटी वाजवत निघून गेला. गल्लीच्या वळणावर तो दिसेनासा होईपर्यंत किसनराव तिथेच उभे होते, एक हात कोटाच्या रिकाम्या खिशात घालून. मग भगवंताने चौथ्या दारातून हाक मारली.

"अजी लहाने मेंबर! माई नाली!"

"येतो ना बाप्पा," किसनराव म्हणाले, आणि बाह्या वर सारत निघाले.